नाथाजीचं डोकं आणि माझं सुतक

तासगाव, रविवार

मानसिंगराव पाहुणे यांस, नाथाजीच्या बापाचा रामराम.

मी जिवंत आहे. सकाळी इथल्या डॉक्टरांनी नाडी बघून तसं सांगितलं आणि सुलाबाईनं चिमटा काढून खात्री केली. तुम्ही ग्रुपवर टाकलेला माझा हार घातलेला फोटो पाहिला. (जुना निवडलात, त्यात मिशा बऱ्या आहेत.) विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? फोनच केला असता, पण मेलेल्या माणसाचा फोन आला तर त्यांचं काय होईल, म्हणून बेदाणा घेऊन साताऱ्याला निघालेल्या सिकंदरच्या हाती हे पत्र देतोय.

तुमच्या जावयाच्या मेंदूतल्या मागच्या धमनीला फुगा आलाय, हे संयोगितानं तुम्हाला, म्हणजे तिच्या वडिलांना, कळवलंच असेल. सांगलीचे सर्जन म्हणाले, या जागी असा फुगा क्वचितच सापडतो. फुटायच्या आत कवटी उघडून त्याच्या देठाला क्लिप लावायची. मला दोरीवरच्या कपड्यांचा चिमटाच दिसायला लागला. त्याहून मोठा धक्का पुढं होता: मागचे थोडे केस काढावे लागतील. बाप जिता असताना लेकाचं डोकं भादरायचं? मी नको म्हणालो. पण नाथाजी पडला फौजी. "तात्या, अर्धं काम आपल्याला जमत न्हाई," म्हणून त्यानं मिशीसकट सगळंच उतरवलं. आणि ऐन वेळी रक्तदाब चढला, ऑपरेशन बुधवारवर गेलं. टकलावर साधी पट्टीसुद्धा नाही!

त्या अवतारात तो दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेला आमच्या गल्लीतल्या इंद्रजितनं पाहिला. केस नाहीत, मिशी नाही. विचारायचं ते काय? त्यानं लांबूनच हात जोडले आणि गावापासून तुमच्या साताऱ्यापर्यंत फोन केले.

आज माझी आतेबहीण सुलाबाई इस्लामपुराहून रडत आली. (सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी घेऊन.) मी आतून ओरडलो, "कोण गेलं गं?"

"आवं, तुमीच की!" म्हणाली, आणि मला बघून उंबऱ्यातच बसली. भानावर आल्यावर उलट माझ्यावरच चिडली, "मग एवढ्या भाकरी कुणासाठी थापल्या मी?" मीच खाल्ल्या. पिठलं लय झकास होतं.

तरी ग्रुपवर तातडीनं दुरुस्ती टाकावी.

आपला (अजून तरी),
तात्या

ता. क. नाथाजीला यातलं काही कळू देऊ नका. रक्तदाब.

आणखी ता. क. दुरुस्ती टाकू नका. लेकाचं डोकं बापाआधी भादरलं, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता गावानं मला आधी पोचवलंय, म्हणजे क्रम सरळ लागला. तो तसाच राहू द्या. डॉक्टर, सिकंदर आणि सुलाबाई, तिघांना गप्प बसवलंय, मी दार लावून बसतो. तुम्ही सांगलीला जा. बुधवारी सकाळी त्याला आत घेतील, दुपारपर्यंत बाहेर आणतील म्हणतात. तो शुद्धीवर येऊन तुमच्याशी बोलला, की मग मी जिवंत असल्याचं जाहीर करा.