पटाशी कुणी शिकवली

आप्पा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, आणि मी इथे कॅनडात, सरेमध्ये, लाकडाचंच काम करतो. म्हणजे कॉम्प्युटरवर. मी सांध्याचं चित्र काढतो, मशीन तो तुळईत कापतं. तुम्ही पाहून आधी हसला असतात, कारण मशीनचं पातं गोल फिरतं आणि खाचेचा आतला कोपरा त्याला काही केल्या काटकोनात जमत नाही. तो शेवटी हातानेच, पटाशीने काढावा लागतो. ते काम माझ्याकडे नाही. मी इस्त्रीचा शर्ट घालून जाणारा माणूस. इथल्या मराठी लोकांत सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. तुम्ही सुतार होतात हे लपवून त्यांना एकदा सांगून बसलो की वडील सरकारी ऑफिसात होते, मग कामावर, वर्कशॉपमध्येही तेच सांगितलं.

गेल्या मार्चमध्ये तुळया न्यायला ट्रक दारात येऊन उभा, आणि कोपरे काढणारे दोघेही तापाने घरी. आमचे फोरमन, साठीचे सरदारजी, एकटेच भिडले होते. मला राहवेना. पेन्सिलीने रेघ मारली, पटाशी उचलली, आणि थेट आपल्या स्वयंपाकघरात पोचलो. तुम्ही आईचं फडताळ बसवताय, मी दहा वर्षांचा, आणि माझ्या मनगटावर तुमची चापट बसते. "रेघ खाऊ नकोस! अर्धी लाकडावर राहू दे, तरच सांधा घट्ट बसतो." आई पोळी लाटायची थांबून बघतेय. मी रडवेला. तशीच अर्धी रेघ राखत मी चौदा कोपरे काढले. दुसऱ्या तुळईचं टोक दोन ठोक्यांत आत गेलं.

सरदारजींनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "मेरा तो बाप मिस्त्री था, उसने मार-मार के सिखाया. तेरेको किसने सिखाया?"

आप्पा, किती सोपं करून विचारलं होतं त्यांनी! नुसतं 'मेरेको भी' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "यूट्यूब से."

"अच्छा? लिंक भेज दे, लडकों को दिखाता हूँ."

रविवारची अख्खी दुपार शोधत बसलो. शेवटी एक गोरा म्हातारा सापडला, साधारण तुमच्यासारखी पटाशी धरणारा. त्याचीच लिंक पाठवली. आता वर्कशॉपमधली पोरं त्याचं बघून शिकतात, आणि कोपरा नीट जमला की कौतुकाने त्याचं नाव घेतात. मी मान खाली घालून स्क्रीनकडे बघत राहतो. फार लाज वाटते.

हे खरं तर सरदारजींना सांगायला हवं. ते रोज दहा पावलांवर असतात. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.