पुढच्या दारानं

अप्पा,

वरची खोली अखेर दिली. कुवेंपुनगरचं हे घर तुम्ही पाहिलंच नाहीत. भाडेकरू केनियाची मुलगी आहे, इथं विद्यापीठात शिकते. खोली शोधून शोधून दमली होती बिचारी. फोनवर लोक हो म्हणायचे, तोंड पाहिलं की खोली कालच गेलेली असायची.

तुमच्या धाकट्याला कळलं तसा तो धावत आला. म्हणाला, "अक्का, सुम्ने, उगीच डोक्याला ताप कशाला? द्यायचीच तर मागच्या जिन्यानं ये-जा करू दे. कुणाच्या डोळ्यावर यायला नको." मला पटलंही ते. मागची किल्ली शोधायला लागले आणि तुम्ही आठवलात.

तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून रंगवलेल्या साड्या पोचवायला निघाला आहात. बंगल्याच्या पायरीवर मी पाय ठेवते तोच आतून बाई म्हणतात, "रंगाऱ्यांनी मागून यायचं." तुमचे हात कोपरापर्यंत निळे. तुम्ही निमूट मागे जाता. मला फार राग आला होता तुमचा. घरी आई नेहमीसारखी ओरडली, ओली कापडं मागून आणा, ओसरीवर डाग पडतात. त्या दिवशी तुम्ही पुढूनच आलात. "पडू देत गं. आपल्या घरात सगळे पुढूनच येणार." मग लाकडं आणणारा, भांडी घासणारी, सगळे पुढून येऊ लागले, आणि ओसरी काही पुन्हा स्वच्छ झाली नाही.

हे मी त्या भाडेकरू मुलीला सांगितलं. तिच्या आजीलाही नैरोबीत गोऱ्यांच्या घरी मागूनच जावं लागे म्हणे. आणि आजी दुकानात गेली तर गल्ल्यावरचा, आपल्याकडून तिकडे गेलेला शेठ, तोही तिला बाहेरच उभं करी. मी वरमले. तिनं माझा हात हातात घेतला आणि कॉफी टाकू का विचारलं.

आता समोरची बाई, जी नाक मुरडायची, रविवारी आपल्या लेकीच्या बारीक वेण्या घालून घ्यायला वर येते. धाकट्यानं परवा तिला शेगडी बसवून दिली आणि वर मलाच ऐकवलं, "अक्का, ही तुझ्यापेक्षा बरी कॉफी करते." बरं वाटतं हो, अप्पा.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगून टाकते. ती सामान घेऊन आली त्या दिवशी पुढचं दार उघडण्याआधी मी समोरच्या बाल्कनीत कुणी आहे का ते पाहिलं. होतं. तरीही उघडलं.