तुमचा मुरगळलेला पाय

बाई,

तुमचं नाव मला माहीत नाही आणि मावशी म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून नुसतंच बाई.

बाबांना हल्ली काही आठवत नाही. जुन्या जागा दाखवून बघा, असं डॉक्टर म्हणाले. मग मी त्यांना आणि आईला गाडीत बसवलं आणि बाबांची पहिली नोकरी होती त्या गावी नेलं. छापखाना दिसताच बाबा खुलले. तळ्याच्या पायऱ्यांवर आईचा हात धरून म्हणाले, "इथेच तुझा पाय मुरगळला होता. मी तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि तू रस्ताभर हसत होतीस."

आई त्या गावात पहिल्यांदाच आली होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने मला डोळ्यांनीच दटावलं आणि बाबांना विचारलं, "मग पुढे काय झालं?"

बाबांनी तुमचं सगळं आईला सांगितलं. मी गाडीची किल्ली धरून नुसती उभी. रागवायचं तरी कोणावर?

आईचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा बाबा तिला दवाखान्यात सोडून घरी येऊन झोपले होते. आता उठता-बसता विचारतात, "पाय दुखतोय का गं?"

तुमचा पाय केव्हाच बरा झाला असेल. आईचा तर ठणठणीत आहे. तरी परत आल्यापासून ती लंगडतेय, आणि बाबा झोपलेले असतात तेव्हासुद्धा.

हे पत्र कुठे टाकू, तेही कळत नाही.

त्यांची मुलगी