काळ्या मेंढीचं ट्वीड

नारायणगुडा, हैदराबाद
१८ नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
कुसुमचा वाकून नमस्कार. वि. वि.

भाऊबीजेला तू आला नाहीस, म्हणून गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळलं. फोनवर मी तब्येत विचारते आणि तू मला पावसाचं सांगतोस. कानाचं मशीन लावायचं नाही म्हणतोस, तेव्हा आता पत्रच बरं.

बातमी अशी की आपल्या रेणूला मोठं काम मिळालं. जुबिली हिल्सच्या एका दुकानाने पुढच्या हिवाळ्यासाठी तिच्या ट्वीडची जाकिटं मागितली आहेत. ट्वीड म्हणजे साहेबाची घोंगडी, असं म्हणून तू मागे हसला होतास. ते काही खोटं नाही. थंड मुलखातल्या लोकांनी अंगावर घ्यायची ती जाड, खरखरीत लोकर, आणि आता पोरी तिचीच आखूड जाकिटं घालून एसी ऑफिसात बसतात. सुलतान बाजारात दर दुसऱ्या पुतळ्याच्या अंगात तेच आहे, पण तो सगळा माल नायलॉनचा. रेणूचं ट्वीड तुमच्या नारायणखेडच्या काळ्या मेंढीचं. तुझा मित्र केशवराव लोकर देतो, त्याची बायको चतुराबाई सूत कातते, आणि रेणू मलकपेठेतल्या शेडमध्ये मागावर बसून माशाच्या काट्यासारखी वीण काढते.

नवऱ्याचं, गौतमरावांचं घर सोडून आली तेव्हापासून ही पोरगी दार लावून पडलेली असायची. मी ताट ठेवायचे आणि तसंच उचलायचे. परवा शेडवर गेले तर मागावर बसून गुणगुणत होती. मी बाहेरच उभी राहिले. आत गेले असते तर थांबली असती.

केशवरावला सांग, संक्रांतीनंतरच्या कातरणीची सगळी लोकर आपली.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू दे.
तुझी,
कुसुम

नारायणखेड
३ डिसेंबर २०२३

चि. कुसुम हिला,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मशीन लावून पाहिलं. कानात सारखी कुकरची शिट्टी वाजते, म्हणून काढून डबीत ठेवलं. रेणूची बातमी वाचली आणि तुझ्या वहिनीने गल्लीत पेढे वाटले. ती पोर हसते आहे, याहून मला काय हवं?

पण एक गोष्ट लिहायला हात धजत नाही. केशव कळप विकतो आहे. काळी मेंढरं सगळी जाणार. त्याच्या मुलाने, संदेशने नेल्लोरची तांबडी मेंढरं ठरवली आहेत. त्यांच्या अंगावर लोकर नसते, पण ती लवकर भरतात आणि कसाई दारात येऊन घेऊन जातो. गोठ्यात बांधून चारा टाकला की झालं. केशवचे गुडघे गेले आहेत. चरायचं रान प्लॉटवाल्यांनी कुंपणात घातलं आहे. आसपासच्या गावांत एकेक करून सगळे तांबड्यांवर गेले, केशव तेवढा उरला होता.

रेणूला इतक्यात सांगू नकोस. मी त्याच्याशी बोलून पाहतो.

काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो, पण ते खरं होणार नाही.
तुझा,
हिम्मतराव

नारायणगुडा, हैदराबाद
१५ डिसेंबर २०२३

ती. दादास,
कुसुमचा नमस्कार. वि. वि.

तू सांगू नको म्हणालास, मी तोंडातून शब्द काढला नाही. पण रेणूने सुतासाठी चतुराबाईला फोन केला आणि त्या बाईने रडत रडत सगळं सांगून टाकलं. तेव्हापासून रेणूचं एकच चाललं आहे. जहिराबादकडे जाऊन आली, महबूबनगरकडे जाऊन आली. जिथे जाईल तिथे तांबडी मेंढरं. राजस्थानची लोकर मागवून रंगवून पाहिली. तिला काळा रंग चढला, पण त्या मेंढीच्या काळ्यात जी तपकिरी झाक असते, ती काही येईना. परेशान झाली आहे बिचारी. रात्रीचं जेवण पुन्हा तसंच राहू लागलं आहे.

दादा, केशवराव लहानपणापासून आपल्या घरी जेवला आहे. त्याला समोर बसव, आपल्या बापूंची शपथ घाल. म्हणेल तो भाव देऊ. तू मनावर घेतलंस तर तो ऐकेल. का भाचीपेक्षा तुला मित्राचे गुडघे जास्त झाले? लिहायला नको ते लिहिते आहे, पण खोडत नाही.

तुझीच,
कुसुम

नारायणखेड
२८ डिसेंबर २०२३

चि. कुसुम हिला,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वहिनीने वाचलं आणि मला न दाखवता ठेवून दिलं होतं. नंतर दाखवलं. तुझा राग बरोबर आहे.

मी केशवकडे गेलो. शपथ घातली, भावाचंही बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की लोकर वर्षातून दोनदाच कातरायची असते, पण मेंढरू रोज चालवावं लागतं, आणि भाव वाढवून ते चालणं कोण विकत घेणार? मला पाणी द्यायला उठला तर भिंत धरून उठला, आणि माठापर्यंत भिंतीभिंतीनेच गेला. संदेश म्हणाला की त्याला बापाला रस्त्यावर पडलेला पाहायचा नाही.

टेम्पो संक्रांतीनंतर, कातरणीच्या आधीच येणार आहे. रेणूचा मेसेज वहिनीच्या फोनवर आला, ती स्वतः येते आहे. येऊ दे. नको कसं म्हणू?

तुझ्या रागासकट तुला जपणारा,
हिम्मतराव

नारायणगुडा, हैदराबाद
२ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
कुसुमचा वाकून नमस्कार. वि. वि.

रेणू तुमच्याकडून परत आली ती टाचांना पट्ट्या बांधून. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, मेंढरं गेली. दुसऱ्याच दिवशी तिने दुकानाला कळवलं की जाकिटं होणार नाहीत. ते म्हणाले की हीच वीण गिरणीच्या कापडात काढून घेतली तर चालेल का? ही म्हणाली, घ्या. भांडली नाही, काही मागितलं नाही.

काल तिला न सांगता मी त्या दुकानात गेले. नमुन्याचं जाकीट टांगलेलं होतं. लांबून अगदी आपलंच वाटलं. तिथल्या मुलीने अम्मा, घालून पाहा म्हणून आग्रह केला, तेव्हा एक हात घातला. मऊ होतं. गिऱ्हाइकांना हेच जास्त आवडतं, टोचत नाही, असं ती म्हणाली. मला तिच्यावर रागही धरता येईना, कारण ते खरंच टोचत नव्हतं.

रेणू अजून रोज शेडवर जाते. मागावर सूत नाही, तरी जाते. मी डबा देते, ती घेते. तिथे तुमच्याकडे नेमकं काय झालं, ते तरी मला कळव. आई असून मला एवढंही माहीत नाही.

मागच्या पत्रातलं पोटात घाल.
तुझी,
कुसुम

नारायणखेड
११ फेब्रुवारी २०२४

चि. कुसुम हिला,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोटात घालण्यासारखं काही नव्हतंच. तू विचारतेस म्हणून जे पाहिलं ते लिहितो.

रेणू आली ती ठरवूनच आली होती. केशवला म्हणाली की निदान थोडी मेंढरं ठेवा, मी इथे खोली घेऊन राहते आणि स्वतः चारते. केशव हसला नाही. म्हणाला, उद्या त्यांचा शेवटचा दिवस आहे, माझ्यासोबत चल. सकाळी दोघं कळप घेऊन निघाली. मी माळापर्यंत गेलो आणि दमून परतलो. पुढचं तिने वहिनीला सांगितलं. तळ्याकडची वाट तारेने बंद, म्हणून हमरस्त्याच्या कडेने चालावं लागलं. ट्रक हॉर्न मारत अंगाला घासून जायचे, आणि दर वेळी केशव त्या गुडघ्यांनी धावून मेंढरं आत ओढायचा. संध्याकाळी ती आली तेव्हा चपलेत रक्त होतं. त्यानंतर तिने मेंढरं ठेवा म्हणून एकदाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मेंढरं फळीवरून चढत गेली. एक म्हातारी मेंढी मात्र फळीपाशी बसून राहिली. संदेशने ओढली, ती उठेना. मग केशव पुढे आला, उचलायला वाकला, आणि तिच्याशेजारी मातीतच बसला. त्याला उठता येईना. चतुराबाई पदर तोंडाला लावून घरात गेली. संदेश बापाकडे पाहत नुसता उभा होता. माझाही हात वर झाला होता, कशासाठी ते मला ठाऊक नाही.

तेव्हा रेणू गेली. एक हात मेंढीच्या छातीखाली आणि एक मागे घातला, आणि तिला उचलून घेतलं. तुझी एवढीशी पोर, कुसुम. त्या लोकरीत तिचा चेहरा दिसत नव्हता. फळीवरून चढली, मेंढी इतरांमध्ये ठेवली, पाय नीट टेकले का ते पाहिलं, आणि खाली उतरली. टेम्पोची कडी लावायला कोणाचा हात पुढे होईना. तीही तिनेच लावली.

तिने हे तुला सांगितलं नसेल, तर तू विचारू नकोस. डबा देत राहा.

तुम्हा दोघींवर जीव असलेला,
हिम्मतराव