क्षमाची बोटं

सोमवार, ३ मार्च
तुयेच्या खोक्यांच्या कारखान्यात आज रुजू झाले. पार्सेच्या आतेनं पातळभाजी-पाव खाऊ घालून पाठवलं. ऑफिस थंडगार, खुर्ची गोल फिरणारी. मजा आहे बुवा. शेजारी डिचोलीची क्षमा बसते, तीही माझ्यासारखीच नवी. दोघींतली एकच पक्की होणार. मला परत बांद्याला जाऊन काकांच्या दुकानात बसायचं नाही.

गुरुवार, ६ मार्च
क्षमाचा माऊस बिघडलाय, पण बाई नवा मागत नाही. आल्ट, शिफ्ट आणि नमलॉक एकदम दाबते आणि कीबोर्डच्या उजव्या अंगाच्या आकड्यांनी पडद्यावरचा बाण चालवते. आठनं वर, दोननं खाली, चार-सहानं आडवा, पाचनं क्लिक. मलाही तिनंच शिकवलं. माझा बाण गोगलगाय, तिचा थेट जागेवर. आमचे साहेब, प्रवीणसर, सगळ्यांना बोलावून दाखवतात. माझ्या पोटात दुखतं. हो, दुखतं.

बुधवार, १२ मार्च
सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात नाव ठरेल. आणि तिच्याकडे बघून हसले. मेली!
गेटजवळच्या घुमटीत, छोट्याशा देवळीत, देवचार आहे, कारखान्याचा राखणदार. वॉचमन शिवदासमामा दर बुधवारी त्याला रोट नि विडी ठेवून गाऱ्हाणं घालतात. आज मामा जेवायला गेल्यावर मीच घातलं. क्षमाच्या बोटांतलं कसब या हातात येऊ दे, म्हटलं. स्वतःचं नाव घ्यायची लाज वाटली. तिचं मात्र पुन्हा पुन्हा घेतलं.

गुरुवार, १३ मार्च
बाण धावला. मी बघतसुद्धा नव्हते. सर थक्क.
क्षमाची बोटं सकाळपासून बधिर आहेत, पेला धरवत नाही. वाईट वाटलं का? नाही वाटलं. पण सगळे तिच्याभोवतीच गोळा. दुखण्यातही कौतुक तिचंच.

सोमवार, १७ मार्च
बोटं थांबत नाहीत. जेवताना ताटाच्या कडेवर आठ, दोन, पाच. क्षमा रजेवर, घरीच; तरी मी केलेल्या प्रत्येक कामाखाली नाव क्षमाचं. मी माझं घातलं होतं — नक्की माझंच.

मंगळवार, १८ मार्च
शिवदासमामांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नाव तिचां घेतलंस, तर काम तिचांच जातलां. म्हणजे काम तिचंच होणार; बोटं माझ्या हाताला, पण राबणार तिच्यासाठी. उद्या बुधवार, माझं नाव घेऊन परत गाऱ्हाणं घालूया म्हणाले.

बुधवार, १९ मार्च
घुमटीकडे निघाले होते. उजवा हात कीबोर्डवरून उठत नाही. डाव्यानं लिहितेय. ऑफिसात कोणी नाही, सगळे जेवायला —
पडद्यावर राजीनामा. माझ्या नावाचा. मी नाही लिहिला.
बाण ‘सेंड’कडे सरकतोय — हात ओढून बघितला, हलत नाही —
बोटानं पाच दाबलं. राजीनामा गेला.
घरी बसून पक्की झाली ती. घरी बसून. अजून जळतेय मी, देवा —
आता उजवा उठला. वहीकडे येतोय. डाव्याचं मनगट धरलंय —
म्हणजे डावाही तिच्यासाठीच राब—