वाखाचे वेढे

३ ऑक्टोबर

नळ गळतोय. भिंतीतल्या पाइपाला नळ जोडणारा तो पितळी एल्बो — माझ्या नवऱ्याने, देवाघरी गेलेल्या जेर्मानोने, बसवलेला. त्रेचाळीस वर्षांत थेंब नाही!

मुलगा अदेरितो फोनवर म्हणाला, "रविवारी येऊन बघतो. नाही जमलं तर घर बंद, आई. तू माझ्याकडे शहरात, ब्रागाला."

सहावा मजला! कोंबड्या काय गॅलरीत ठेवू?

शेजारची फेलिस्मिना लिहून घेतेय. कोंबड्यांचं लिहू नको म्हटलं. लिहिलंच.

५ ऑक्टोबर

बादली भरली. ओतली. भरली.

७ ऑक्टोबर, रविवार

अदेरितो आला. जूनमध्ये बायको वारली त्याची. शर्टाला इस्त्री नाही. एल्बो काढला, पांढरी टेप गुंडाळली, पान्याने आवळला. नळ तिरका आला — म्हणून पाव फेरा मागे फिरवला.

"मागे नको रे!"

"आई, तुला साधं अक्षर वाचता येत नाही आणि —"

"गळती वाचता येते."

गळलाच. म्हणे, हा एल्बो फेकायलाच हवा.

"का? तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे."

मग मीच बसले. जेर्मानोला नळाच्या आट्यांवर गुंडाळायला लागणारा वाख, म्हणजे जवसाचे धागे, चाळीस वर्षं मीच विंचरून दिलाय, आणि तो कसा गुंडाळतो ते बघत, डोळे मिटून नाही! टेप काढून टाकली, करवतीच्या पात्याने आटे खरवडले. गुळगुळीत आट्यांवर वाख घसरतो. सूत काढायच्या काठीला जवसाचा वाख अजून होता. आटे फिरतात त्याच बाजूने वेढे दिले, वर जवसाचंच तेल.

"हं, आवळ आता. हळू. सरळ आला की थांब. पुढे गेलास तर अजून एक फेरा पुढेच. मागे फिरवलास की वाख सुटला."

८ ऑक्टोबर

खाली वर्तमानपत्र ठेवलं होतं. सकाळी कोरडं ठणठणीत!

"मावशी, ब्रागा वाचलं हो तुमच्यापासून," फेलिस्मिना म्हणाली. दोघींनी मक्याच्या पावाबरोबर दोन-दोन वाडगे सूप हाणलं.

१४ ऑक्टोबर, रविवार

अदेरितोने एल्बोखाली बोट फिरवलं. कोरडं. खूश व्हायचं सोडून म्हणाला, "म्हणजे तू येत नाहीस." सूप अर्धं टाकलं.

१५ ऑक्टोबर

अदेरितो दारात! दोन बॅगा. "तिथं संध्याकाळी बोलायला कुणी नाही, आई. कामावर इथून जाईन. नको असेल तर परत —"

"मागे फिरवायचं नाही, सांगितलंय ना?"

फेलिस्मिना, डोळे पूस आधी. कागद भिजतोय.