उजवा खांदा सव्वा इंच खाली

३ फेब्रु.
पर्स परत घसरली. आज तिसऱ्यांदा. बाराव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, स्कोलिओसिस, कणा एका बाजूला वळलाय. तेव्हापासून सगळे मलाच सरळ करतायत. बास झालं. आता पर्सच बदलते. जुना एक्स-रे खिडकीला चिकटवून कण्याची रेघ बटर पेपरवर उतरवली. मधली शिवण तशीच वळणार. पट्टा माझ्या खांद्याच्या उताराला बसेल असा तिरका.

७ फेब्रु.
शिरवणे गावात विठ्ठलकाकांच्या शेडमध्ये पॅटर्न दिला. काका साताऱ्याकडचे, जन्म गेला चामडं कापण्यात. वाशीच्या दुकानवाल्या मॅडमना माझ्या पर्सचा नमुना १४ ला हवाय. पसंत पडला तर दुकानातलं अख्खं शेल्फ माझ्या पर्सचं. नाहीतर परत नोकरी शोधा.

११ फेब्रु.
नमुना तयार. सरळ! काकांनी कागद मधोमध दुमडून जास्तीचा भाग छाटला. "येका बाजूनं वाढला व्हता, पोरी. सारका केला." तेही मायेने. डोकंच फिरलं. एक्स-रे त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "हा कागद म्हणजे माझी पाठ आहे काका. ती पण दुमडणार?"
काका बराच वेळ एक्स-रे उजेडाला धरून बघत बसले. मग नवीन चामडं काढलं.

१२ फेब्रु.
आईशी वाजलं. पर्सच्या टॅगवर आजाराचं नाव नको म्हणे, 'लाट' वगैरे लिही. माझ्या प्रत्येक कुर्त्याच्या उजव्या खांद्यात पॅड शिवणारी बाई, दुसरं काय म्हणणार. स्कोलिओसिसच लिहिणार. ती जेवली नाही. मी दोनदा भात घेतला. वाईट वाटलंच, पण घेतला.

१३ फेब्रु.
नवी पर्स झाली! शिरवण्यापासून घरापर्यंत चालत आले, एकदाही घसरली नाही. रस्त्यात रडले. बघू देत लोकांना.

१४ फेब्रु.
मॅडमना काम आवडलं, वळण नाही. सरळ करून दिली तर लगेच वीस घेतील. गिऱ्हाइकांचे खांदे सरळ असतात म्हणाल्या. "टेपने मोजलेत?" निघून गेलं तोंडातून. सरळ करणार नाही म्हटलं. मग म्हणाल्या, ही ठेवून जा, बघते.
ठेवली.

१७ फेब्रु.
मॅडमचा फोन नाही.
सकाळी इस्त्रीला कुर्ता काढला तर खांद्यात पॅड नाही. आईने उसवलंय. तसाच घातला.
दुपारी काकांचा फोन. "अशीच दुसरी कापाया घिऊ का? मॅडम काय म्हनल्या?"
म्हटलं, अजून काहीच नाही. तुम्ही घ्या कापायला.